मदत हवी आहे: डार्टमूरवर एकटीने ट्रेल रन, धुक्यात वाट कशी धरायची?

नमस्कार मंडळी,

सध्या मुक्काम इंग्लंडात प्लिमथला, डार्टमूर या उघड्या, दलदलीच्या माळरानाजवळ (इथे त्याला नुसतं 'मूर' म्हणतात). रस्त्यावर हाफ मॅरेथॉन धावते, पण मूरवर आतापर्यंत फक्त चालले आहे, तेही घोळक्यात. ऑक्टोबरात एकटीने धावायचा बेत आहे, म्हणून जाणकारांना विचारते.

मार्ग असा: प्रिन्सटाउनहून जुन्या रेल्वेच्या वाटेने (ही लाइन १९५६ साली बंद झाली, आता खडीची छान सपाट वाट आहे) फॉगिनटॉरची खाण, किंग्ज टॉर (टॉर म्हणजे माथ्यावर उघडे खडक असलेली टेकडी), तिथून उतरून मेरिव्हेलच्या शिळारांगा (ओळीने उभे केलेले प्राचीन दगड) आणि येलोमीडवरून परत. बारा किलोमीटरच्या आसपास. जमलं तर मेरिव्हेलहून ग्रेट मिस टॉरवर चढून यायचं.

मी मूळची नागपूरची. जुनापाणीची शिळावर्तुळं लहानपणी पाहिली आहेत, त्यामुळे मेरिव्हेल चुकवायचं नाही. प्रश्न तीन:

१. किंग्ज टॉर ते मेरिव्हेल या उघड्या तुकड्यात धुकं आलं तर शिळांच्या खुणेवर धावता येईल का? नकाशावर त्या ठळक दिसतात.
२. दलदल लांबून ओळखायची कशी?
३. दोन रांगांच्या मधून धावलं तर चालतं का?

घड्याळात जीपीएस आहे. 'एकटी जाऊ नकोस' हा सल्ला घरून मिळून झाला आहे, तो कृपया वगळा.

---

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नकाशावर ठळक म्हणजे जमिनीवर ठळक नव्हे. मेरिव्हेलची लांब रांग अडीचशे मीटरहून मोठी आहे खरी, पण बहुतेक दगड जेमतेम गुडघ्याएवढे. धुक्यात बाजूने आलात तर दहा पावलांवरून हुकतील. जवळचा एकटा उभा धोंडा तीनेक मीटर उंच आहे, तरी धुक्यात तोही वेळेवर दिसेल याचा भरवसा नाही. शिवाय कांस्ययुगात लोकांनी हे दगड वाट दाखवायला मांडलेले नाहीत. का मांडले यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

वाट दाखवणारे दगड वेगळे आहेत, आणि ते तुमच्याच मार्गावर आहेत! येलोमीड ते मेरिव्हेल या भागात ग्रॅनाइटचे छोटे खांब दिसतील. एका बाजूला टी, दुसऱ्या बाजूला ए. टी म्हणजे टॅव्हिस्टॉक, ए म्हणजे अ‍ॅशबर्टन. रस्ते होण्याआधी मूर ओलांडणाऱ्यांसाठी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी उभारलेले. पहिल्या वेळी स्वच्छ हवेत ही ओळ पाहून ठेवा.

पण धुक्यात खरा आधार लांबलचक रेषांचा: रेल्वेची वाट, दगडी कुंपण, पाट. मेरिव्हेलला रांगांच्या मधूनच एक पाट वाहतो. उत्तरेला बी३३५७ हा डांबरी रस्ता आहे. किंग्ज टॉरवरून वाट हरवली तर होकायंत्र उत्तरेला लावून चालत सुटा, रस्ता आडवा येणारच. धावू नका, चाला.

---

प्रतिसाद २

दलदलीबद्दल. कोकणातला सडा पावसाळ्यात आठवा आणि कातळाच्या जागी ओला स्पंज आहे असं समजा. सगळीकडे पिवळट-तपकिरी गवत असताना मध्येच पोपटी, मखमली तुकडा दिसला तर तो वळसा घालून टाळा. ते शेवाळ पाण्यावर तरंगत असतं. गवताच्या गड्ड्यांवरून उड्या मारण्यापेक्षा चढाच्या बाजूने फिरून जाणं बरं, घोटे वाचतात. तुमच्या मार्गावर फार भीती नाही. पुढे कधी दक्षिणेला नन्स क्रॉसकडे गेलात तर मात्र पायवाट सोडून पूर्वेला घुसू नका, तिकडे फॉक्स टॉरची दलदल आहे.

ग्रेट मिस टॉर: तो भाग लष्कराच्या मेरिव्हेल रेंजला, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेला, लागून आहे. गोळीबाराच्या दिवशी लाल बावटे आणि रात्री लाल दिवे लागतात, हद्दीवर लाल-पांढरे खांब आहेत. वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते बघूनच बेत ठरवा. बावटा दिसला की मागे फिरायचं, जीपीएस काहीही म्हणो.

---

प्रतिसाद ३

घड्याळातलं जीपीएस ठीक, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि मूरवर मोबाइलला बरेच ठिकाणी रेंज नाही. ओएल२८ हा कागदी नकाशा, होकायंत्र, वारा अडवणारं जॅकेट, टोपी आणि शिट्टी एवढं पाठीवर हवंच. मदतीची खूण: मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. रेंज असली तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू.

तिसरा प्रश्न राहिलाच. चालतं, कायद्याने वाट बंद नाही. पण रांगा १९७९ च्या कायद्याखाली संरक्षित आहेत आणि दगडांच्या बुडाशी माती आधीच गुरांनी, माणसांनी झिजवली आहे. खिळ्यांचे बूट असतील तर बाहेरूनच जा. आणि किंग्ज टॉरला वळणावर थांबा जरा: लंडन ब्रिज रुंद करण्यासाठी घडवलेले, पण न नेलेले ग्रॅनाइटचे तोडे (वरच्या भागाला आधार देणारे, भिंतीबाहेर काढलेले दगड) अजून तिथेच पडून आहेत. बऱ्याच जणांना दिसतही नाहीत.

---

धागाकर्ती

सर्वांचे आभार. शिळांचा भरवसा सोडला, टी-ए खांबांची ओळ आणि पाट नकाशावर पेन्सिलीने गिरवून घेतली. ग्रेट मिस टॉर या खेपेला बाद. गोचिडांबद्दल कुणीच बोललं नाही, ऑक्टोबरात त्यांचा त्रास असतो का? लांब टाइट्स घालू की शॉर्ट्स चालतील?

---

प्रतिसाद २

असतो, विशेषतः ब्रॅकनच्या (उंच वाढणाऱ्या नेच्याच्या) दाटीत. लांब टाइट्स घाला, मोजे त्यावर ओढा. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी नीट बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चकंदळ पसरलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि मूरवर गेला होतात हे आवर्जून सांगा.