तंबू धुवायचा, विकायचा की तसाच न्यायचा?

डोंगरवाट: परवा इथे कुणीतरी सल्ला दिला: 'न्यूझीलंडला कायमचे जाताय ना, मग वापरलेला तंबू, बूट इथेच विकून टाका. कस्टमवाले फेकून देतात आणि वर दंड लावतात.' डोकंच फिरलं. मी पुण्याहून ऑकलंडला सगळं घेऊन आलो. ४०० डॉलरचा दंड देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर वस्तू लपवल्याचा असतो, ती मळकी असल्याचा नाही. बुटांच्या खाचांतली राजगडची माती दाभणाने उकरली. तंबू उलटा करून झटकला, शिलाईत आणि वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने काढली. दोन संध्याकाळी गेल्या. मग गार पाणी, स्पंज आणि गच्चीवर दोन दिवस वाळवण. मशीनमध्ये टाकू नका, वॉटरप्रूफ थर जातो. विमानतळावर बाईंनी खुंट्यांची पिशवी टेबलावर उलटी केली, एकेक खुंटी बोटाने पुसून पाहिली आणि जा म्हणाल्या. दहा मिनिटं.

बॅगभरू: चिमट्याने कुसळं! घर आवरायचं, बँकेची कामं, आईबाबांची औषधं, त्यात हे? माझे बूट चिखलाने माखलेले होते. फॉर्मवर 'होय' केलं, त्यांनीच आत नेऊन धुऊन आणून दिले. फुकट.

कोरडा_सॉक: तुमच्यासारख्यांमुळे आमच्या सगळ्या बॅगा उघडतात. माझ्या मित्राने तंबू ओलाच घडी केला होता. बुरशी दिसली, उपचारासाठी ठेवून घेतला. त्याचं पुढचं विमान दोन तासांनी. तंबू नंतर मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले.

बॅगभरू: मित्राचा तंबू ओला, त्यात माझी काय चूक?

बांधावरचा: सगळे गोऱ्यांचे नखरे. अमेरिकेच्या गव्हातून आपल्याकडे काँग्रेस गवत आलं, तेव्हा कुणी पोती झटकली होती का?

कोरडा_सॉक: आलं का ते गवत! पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमाराची. पीएल-४८०, म्हणजे अमेरिकेच्या त्या गव्हाच्या योजनेचा, आपल्याशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. तारखा जुळवा आधी.

बांधावरचा: तारखा तुम्ही जुळवा. १९५१ लाच कर्जाऊ गहू आला होता, तो कुठला? माझ्या वडिलांनी ते गवत हाताने उपटलं. कोपरापर्यंत चट्टे, रात्र रात्र खाजवत बसायचे. एसीत बसून करार कसले सांगता?

कोरडा_सॉक: एसी नाही माझ्याकडे. आणि १९५१ च्या गव्हातूनच आलं याला पुरावा काय?

बांधावरचा: वडिलांचे हात.

कोरडा_सॉक: बरं, गहू तर गहू. पण मग तुम्ही माझीच बाजू मांडताय. एकदा बी आलं आणि सत्तर वर्षं उपटतोय. ते गवत खाणारे मेक्सिकोचे भुंगे १९८४ ला सोडले, तरी रस्त्याकडेला कंबरभर आहेच. हे नको म्हणून ते लोक बूट बघतात.

बांधावरचा: भुंग्यांचं नाव काढू नका. पाऊस लांबला की ते गायब, गवत हजर.

गोठेवाली: गवत सोडा. लाळ-खुरकूत पाहिलीय कुणी? आमच्या दोन गाई महिनाभर तोंड लावत नव्हत्या, दुधाचा हप्ता बुडाला तो वेगळाच. न्यूझीलंडमध्ये हा रोग कधीच आलेला नाही आणि तो देश दुधावर जगतो. गडाच्या पायथ्याला गोठ्यातूनच वाट जाते ना तुमची? ते शेण बुटाला घेऊन जायचं आणि धुवायचं त्यांनी. वा!

डोंगरवाट: इथल्या इथेही तेच. ऑकलंडजवळच्या वाईटाकेरेच्या जंगलात कौरीची झाडं मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरतात. २०१८ ला वाटा बंद केल्या होत्या. आता वाटेच्या तोंडाशी ब्रश ठेवलेत, बूट घासूनच आत जायचं.

बॅगभरू: झालं समाधान? पुढच्या वेळी दाभण, चिमटा, स्पंज, सगळं आणतो. गाईंसाठी हो, तुमच्यासाठी नाही. पण माझा पंपाचा स्टोव्ह? तोही गच्चीवर वाळवू?

डोंगरवाट: स्टोव्ह विका. टाकीतला रॉकेलचा वास जात नाही, आणि वास आला की विमानवाले घेत नाहीत.

बॅगभरू: म्हणजे शेवटी विकायचंच ना!

डोंगरवाट: स्टोव्ह म्हणालो. तंबू नाही.