जॅकेटवर रंगवलेल्या चित्राला सही कुठे करायची?

जुनापेंटर_महाल

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या महालातला, वय एकसष्ट. सोळाव्या वर्षी टॉकीजचे बॅनर रंगवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली लागलो आणि फ्लेक्स येईपर्यंत तेच केलं. लिबर्टी, पंचशील, स्मृती, जानकी, कुठे ना कुठे आमच्या हातचा हिरो टांगलेला असायचा. चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेबांनीही मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवले होते, ही गोष्ट आमच्या यार्डात चहाबरोबर रोज निघायची. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम बसलं. त्यानंतर दुकानांचे शटर, गाड्यांचे नंबर, आणि गणपतीच्या आधी दोन महिने चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, मूर्तींची आखणी. डोळे काढायला मला अजूनही बोलावतात.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची डेनिमचं एक जॅकेट घेऊन आली. ती फॅशन डिझाइनचा कोर्स करून राहिली आहे. म्हणाली, "मामा, याच्या पाठीवर बॅनरसारखे डोळे काढून द्या."

बॅनरवर एकेक डोळा चार फुटांचा असायचा. जवसाच्या तेलात कालवलेला रंग, खाली निळा-हिरवा हात, वर गुलाबी, शेवटी पांढऱ्याचा एक फटकारा, की बाईच्या डोळ्यात पाणी उभं राहिलं. जवळून पाहिलं तर नुसते डाग. जॅकेटवर तोच डोळा वितीएवढा काढायचा. डेनिमची वीण तिरपी असते, ब्रश तिच्यावर अडखळतो. ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम घालून काम करावं लागतं, आणि जाड थर दिला तर घडीवर तडा जातो. पहिले दोन कपडे मी असेच वाया घालवले. आता पाच पातळ थर देतो, प्रत्येक थर पुरता वाळू देतो, शेवटी उलट्या बाजूने इस्त्री. एक गोष्ट मात्र बॅनरवर कधीच पाहायला मिळाली नव्हती. अंगात घालून पोरगी चालायला लागली की पाठीवर चुणी पडते आणि ते डोळे बारीक होतात, पुन्हा उघडतात. पंचेचाळीस वर्षं डोळे काढून राहिलो, पण माझे डोळे हलताना मी पहिल्यांदा पाहिले. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला आनंदाने.

आता मुद्द्याचं. या जानेवारीत मुंबईच्या एका स्टायलिस्टकडून काम आलं. एका नटीला सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काळं जॅकेट हवं होतं, पाठीवर जुन्या बॅनरच्या धर्तीचे डोळे. अकरा दिवस लागले. पैसे ठरले तसे आणि वेळेवर मिळाले, त्यात तक्रार नाही. महिन्याने भाचीने फोनवर फोटो दाखवला. नटी पाठमोरी उभी, मान वळवून बघते आहे, फोटोभर माझे डोळे. खाली सगळ्यांची नावं होती. केस कोणी केले, मेकअप कोणाचा, कानातले कोणाचे, चपला कोणत्या, फोटो कोणाचा, फोटोग्राफरचा मदतनीस कोण. आणि जॅकेटपुढे एकच शब्द: "कस्टम".

मी चश्मा लावून दोनदा वाचलं.

बॅनरच्या उजव्या कोपऱ्यात खाली आम्ही सही करायचोच. उस्ताद म्हणायचे, सही नसलेला बॅनर वादळात फाटला तर नुकसान कोणाचं झालं ते सांगणार कोण? जॅकेटवर मी सही केली नाही, कारण वाटलं, कपडा तिचा, अंग तिचं, तिच्या पाठीवर माझं नाव शोभणार नाही. तिथे चुकलो का? कपड्यावर सही करतात का, करतात तर कुठे? आणि नाव मागायचा मला हक्क आहे का? जाणत्यांनी सांगावं.

रंगपेटी_नागपूर

काका, मी चित्रकला शिकवते. तुमचं पोस्ट वर्गात वाचून दाखवलं, आधी न विचारता, त्याबद्दल माफ करा.

चित्र कपड्यावर जाण्याची गोष्ट जुनी आहे. १९३७ मध्ये पॅरिसच्या फॅशन डिझायनर एल्सा स्कियापरेली यांनी चित्रकार साल्वादोर दालींकडून एका पांढऱ्या रेशमी पोशाखावर मोठा लाल लॉबस्टर काढून घेतला. तो पोशाख वॉलिस सिम्प्सनने घातला, सेसिल बीटनने तिचे फोटो काढले. चित्रकार, शिंपी आणि जगभर गाजत असलेली बाई, तिघंही एकाच कपड्यात, आणि तिघांची नावं आजही एकत्र घेतली जातात. याच्या उलट १९६५. फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने चित्रकार मोन्द्रियानच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकटी घेऊन ड्रेस केले. मोन्द्रियान १९४४ मध्येच गेले होते. त्यांचं नाव झालं, पण त्यांना विचारणार कोण?

२००३ मध्ये लुई व्हितॉं या फ्रेंच कंपनीच्या बॅगांवर जपानी चित्रकार ताकाशी मुराकामींनी ३३ रंगांत कंपनीची अक्षरं रंगवली. तिथे त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून होतं. त्याच कंपनीसाठी केलेल्या जपानी चित्रकार यायोई कुसामांच्या ठिपक्यांचंही तसंच, आधी २०१२ आणि पुन्हा २०२३ मध्ये. मुलांना मी हेच सांगितलं की या ठिकाणी नाव दिलं ते उपकार म्हणून दिलेलं नाही. त्या नावामुळे बॅग जास्त किमतीला जाते. तुमच्या नावाने अजून काही विकलं जात नाही, म्हणून "कस्टम" लिहून त्यांचं भागलं. हे मला अजिबात पटत नाही, पण होतं ते असं.

आपल्याकडचं एक नाव तुमच्या भाचीला जरूर सांगा, भानू अथैया. कोल्हापूरच्या, जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुप या मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या गटाबरोबर त्यांची चित्रं लागली होती. मग त्या मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करू लागल्या आणि तिथून सिनेमाच्या पोशाखांकडे गेल्या. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासून कपडे घडवले. १९८३ मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं, ते घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पडद्यावर त्यांचं नाव यायचं, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. त्या कपड्यांना टाके घालणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

इतवारी_माग

पेंटरभाऊ, मी कोष्ट्याच्या घरचा. चार पिढ्या माग चालला, माझ्यावर थांबला. आजोबा नागपुरी लुगडी विणायचे, आईकडचे लोक टसरवर करवती काठ. करवतीचा एकेक दात तीन धोट्यांनी येतो, काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत. दिवसाकाठी किती विणून होतं ते विचारू नका. त्या लुगड्यावर विणणाऱ्याचं नाव कधी कोणी शोधलं नाही, आणि आजोबांनी कधी मागितलं नाही.

कोल्हापुरीचंच पाहा. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, आधी नुसत्या लेदरच्या सँडल म्हणून. आपल्याकडे आरडाओरड झाली, मग त्यांनी मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे म्हणून बोलायला काहीतरी आधार होता. पण जीआय गावाचा असतो, हाताचा नसतो. कातडं कोणी कमावलं, वेणी कोणी घातली, ते त्यात येत नाही.

माझं सरळ मत, नावाच्या मागे लागू नका. दर दुप्पट करा. नाव छापून पोट भरत नाही.

जुनापेंटर_महाल

इतवारीभाऊ, तुमच्या आजोबांनी मागितलं नाही म्हणता, पण त्यांना कोणी विचारलं होतं का? आमच्या गल्लीतही एक कोष्टी आजोबा होते. बाजारात बाईच्या अंगावर लुगडं दिसलं की म्हणायचे, हे माझ्या मागावरचं. काठावरून ओळखायचे. त्यांना नावाची हौस नव्हती असं मी तरी म्हणणार नाही.

दर वाढवतो. पण पैसे मिळाले तरी तो "कस्टम" शब्द डोक्यातून जाऊन नाही राहिला.

धंतोलीची_वकील

काका, हक्काचं मी सांगते.

कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे त्या डोळ्यांच्या प्रती काढायच्या, छापायच्या, तो व्यवहार बहुधा तुमच्या हातात राहिलेला नाही. पण कलम ५७ वेगळं आहे. "हे चित्र मी काढलं" असं सांगण्याचा हक्क चित्रकाराचा असतो, आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी तो हक्क चित्रकाराकडेच राहतो. चित्राची मोडतोड करून तुमच्या लौकिकाला धक्का लावला तर त्याविरुद्धही याच कलमाखाली दाद मागता येते.

हे कागदावरच राहिलेलं नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्पकाराला परत द्यायला लावलं, वर पाच लाख रुपये भरपाई.

भाचीसाठी एक सूचना. हाच डोळा उद्या छापून शेकड्याने जॅकेटं काढायचा विचार असेल तर आधी मला विचारा. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने यंत्रावर ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या, तर कलम १५ प्रमाणे तिचा कॉपीराइट संपतो. हाताने रंगवलेल्या एका जॅकेटला ही अडचण येत नाही.

नोटीस पाठवू नका, आत्ता तरी नाही. एक नीट निरोप लिहा. आणि पुढच्या बिलावर एक ओळ घाला: पाठीवरचं चित्र अमुक यांनी रंगवलेलं, फोटो जिथे प्रसिद्ध होईल तिथे नाव द्यावं. सही करून घ्या.

जुनापेंटर_महाल

ताई, बिल मी आजवर दिलंच नाही. सगळं व्हॉट्सॲपवर.

धंतोलीची_वकील

तेही चालतं, काका. ते बोलणं पुसू नका. कामाचे अकरा दिवसांचे फोटो असतील तर तेही जपून ठेवा.

सेवानिवृत्त_सिव्हिललाइन्स

सही "कुठे" या प्रश्नाला कोणी हातच घातला नाही, म्हणून लिहितो.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म आपल्या नागपुरातला, १९२४ चा. डिसेंबर २०१४ मध्ये मी मुलाकडे अमेरिकेत होतो, तेव्हा न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन चालू होतं. दोनदा गेलो. गोल चढत जाणाऱ्या त्या इमारतीत आपल्या गावात जन्मलेल्या माणसाचं नाव भिंतीवर वाचून मी बराच वेळ एका जागी उभा होतो. चित्रांवर सही शोधत होतो. पुष्कळ चित्रांच्या दर्शनी भागावर ती नव्हतीच. मग माहितीत वाचलं की सही मागे आहे, कॅनव्हासच्या पाठीवर, काही ठिकाणी देवनागरीत. हे गृहस्थ कधी मिरवले नाहीत. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. समोरच्या बाजूला त्यांना रंगाशिवाय काही नको असावं, हा माझा तर्क. पण नाव त्यांनी सोडलं नाही, फक्त मागे नेलं.

पेंटरसाहेब, जॅकेटलाही आतली बाजू असते.

महालची_टेलर

मामा, मी तुमच्याच वाड्यापासून दोन गल्ल्या सोडून बसते, ब्लाउज आणि फॉल-पिको. सिव्हिल लाइन्सच्या काकांनी बरोबर सांगितलं. पण आतल्या बाजूला नुसता रंग टिकणार नाही, अंगाला घासून जाईल, घामाने जाईल. अस्तर असेल तर त्यावर रंगाने सही करा आणि तीच मी सुईने, त्याच रेघेवरून, उलट टाक्याने पक्की करून देते. मानेच्या पट्टीखाली, जिथे कंपनीचं लेबल लावतात तिथे. जॅकेट खुंटीला अडकवताना, घालताना, धुवायला देताना, दर वेळी तिथेच नजर जाते. साडी असेल तर पदरावर नको. निऱ्यांच्या आधी जे टोक कमरेत खोचतात, तिथल्या काठालगत करा. नेसल्यावर दिसणार नाही आणि घडी उलगडली की पहिलं तेच दिसेल.

जुनापेंटर_महाल

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो.

स्टायलिस्टला निरोप पाठवला. भाचीने लिहिलेला मोठा होता, मी कापून तीन ओळींचा केला. माझं नाव, मी कुठला, आणि "कस्टम" च्या जागी हे लिहाल का. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं की तो फोटो आता बदलता येणार नाही, पण पुढच्या वेळी नक्की. पुढची वेळ म्हणजे कधी ते लिहिलं नाही. वकीलताई, तो निरोपही ठेवला आहे जपून.

तोवर दुसरं काम आलं, इथलंच. धरमपेठेतल्या एका मुलीला लग्नाच्या आदल्या दिवशी घालायला जॅकेट हवं आहे, पाठीवर तिच्या आजीचे डोळे. लग्नातल्या एका काळ्या-पांढऱ्या फोटोवरून काढायचे आहेत. आजी आता नाहीत. नटीचे डोळे मला पाठ असतात, या बाईंचे मी कधी पाहिलेले नाहीत. तीन दिवस नुसती पेन्सिल चालवली. उजवी पापणी किंचित खाली आहे त्यांची, ती सरळ केली की दुसरीच कोणी बाई होते, म्हणून तशीच ठेवली. मुलीने पाहिलं आणि काही न बोलता तिथेच खाली बसली.

काल सही केली. मानेच्या पट्टीखाली, अस्तरावर, देवनागरीत, बॅनरवर करायचो त्याच वळणाची, फक्त नखाएवढी. टेलरताई, शनिवारपर्यंत वाळेल. टाक्याला धागा काळा घ्यायचा की रंगासारखा पिवळा, ते तुम्हीच ठरवा. आणि इतवारीभाऊ, दर दुप्पट सांगितला. लगेच हो म्हणाले.