शब्दचर्चा: ऑफेन्सला 'आक्रमण' म्हणायचं की 'चढाई', आणि ती ढेपाळली की चाचपडली? (आयोवा, २०२३)

मक्यातला_मराठी:
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आयोवा हॉकआयच्या, म्हणजे आयोवा विद्यापीठाच्या टीमच्या, २०२३ च्या सीझनवर लिहायला घेतलंय. कॉलेज फुटबॉल, म्हणजे अमेरिकन, चेंडू काखेत मारून पळायचा तो. वाचणारे निम्मे इथेच मुरलेले, त्यांना काही सांगायला नको, आणि निम्मे उन्हाळ्यात येऊन गेलेले आईबाबा, त्यांना फुटबॉल म्हटलं की मेस्सी. आणि मी पहिल्याच वाक्याला अडलोय. "आयोवाचं आक्रमण हंगामभर संघर्ष करत होतं" असं लिहिलं, बायकोने वाचलं आणि विचारलं, कुणाविरुद्ध? तर ऑफेन्सला काय म्हणू, तो संघर्ष करत नसेल तर नेमकं काय करत होता, आणि पंटला काय म्हणू, एवढं सुचवा.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात. चेंडू आपल्याकडे असताना खेळणारे अकरा वेगळे, तो ऑफेन्स, समोरच्याकडे असताना त्यांना अडवणारे अकरा वेगळे, तो डिफेन्स, आणि लाथेची कामं करणारं पथक वेगळं. चेंडूवाल्यांना चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचं, गेले तर नवे चार डाऊन, नाही जमलं तर बहुतेक वेळा चौथ्याला चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याला देऊन टाकायचा, तो पंट. आमची टीम अडवण्यात देशातल्या अगदी वरच्या टीम्समध्ये आणि पुढे जाण्यात १३३ पैकी १३३ वी, मॅचला सरासरी २३४.६ यार्ड. तरी दहा मॅच जिंकले. आता हे मराठीत बसवा.

शब्दखोर:
'संघर्ष' आधी काढून टाका बुवा. हल्ली पेपरात फलंदाज संघर्ष करतो, रुपया संघर्ष करतो, ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस पण संघर्षच करतो. संघर्ष म्हटलं की समोर कुणीतरी लागतं, मोर्चा लागतो, घोषणा लागतात, वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे. 'आक्रमण' चूक नाही, पण आक्रमण म्हटलं की अफझलखान डोळ्यापुढे येतो आणि तुम्ही सांगताय ते बघता हे लोक प्रतापगडापर्यंत पोचलेच नसते. 'चढाई' घ्या, कबड्डीतली. समोरच्याच्या हद्दीत घुसायचं आणि काहीतरी मिळवायचं, नाही मिळालं तर रिकामी चढाई. शब्द तयार आहे आणि आईबाबांना समजावून सांगावा लागणार नाही.

कोकणी_पकड:
चढाईला पूर्ण पाठिंबा. त्यात तुमचा थर्ड डाऊन पण आयता बसतो, आमच्याकडे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण घेतलाच पाहिजे नाहीतर चढाई करणारा बाद. आणि अजून एक म्हणजे कबड्डीत पकडीचे पण गुण असतात, म्हणजे अडवणारा पण गुण कमावतो. तुमच्यात असतं का तसं?

मक्यातला_मराठी:
असतं का म्हणजे काय, आम्ही त्याच्यावरच जगलो. ३ सप्टेंबर २०२२, साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ७-३ ने जिंकलो. लोकांना ७ आकडा बघून वाटतं एक टचडाऊन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं, आणि त्यावरची किक. नाही हो. एक फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारणं, त्याचे तीन, आणि दोन सेफ्टी, त्यांचे दोन दोन. सेफ्टी म्हणजे समोरच्या चेंडूवाल्याला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात पाडायचं. म्हणजे सातातले चार गुण आमच्याकडे चेंडू नसताना आले.

कोकणी_पकड:
मग ही शुद्ध पकडीवर काढलेली मॅच आहे, आमच्याकडे अशा टीमला फार मान असतो.

आयोवा_सिटीकर:
मान बिन काही नाही, स्टेडियममध्ये बसून बघा मग कळेल. मी शब्दाबद्दल बोलतो, घरी आम्ही सरळ 'ऑफेन्स' म्हणतो, "आज पण ऑफेन्स झोपला" असंच म्हणतो, तेच लिहा. चढाईत एकटा माणूस जातो, इथे अकरा जण असतात आणि आमचा खरा घोळ पुढच्या पाच आडदांड लोकांत होता, ते समोरच्यांना थोपवूच शकत नव्हते मग मागे क्वार्टरबॅक काय करणार, त्याला चेंडू फेकायला वेळ मिळाला तर फेकेल ना. त्यात २०२३ ला मिशिगनहून केड मॅकनमारा आणला, तो सप्टेंबर संपता संपता गुडघा दुखावून बाहेर गेला, पुढचा सगळा सीझन डीकन हिलवर. पोराला शिव्या घालणं सोपं आहे.

निमूट:
लाईन, क्वार्टरबॅक, गुडघा, दरवर्षी नवीन कारण आणि प्ले मात्र तेच. थर्ड डाऊनला सात यार्ड हवेत आणि हे चार यार्डांवर पास देतात, हे गुडघ्यामुळे होतं का? ऑफेन्सचे प्ले ठरवणारा कोऑर्डिनेटर बदला एवढं साधं होतं पण तो हेड कोचचा मुलगा. घराणेशाही हा शब्द घ्या लेखात.

शब्दखोर:
घराणेशाही की वशिला हे आधी ठरवा. वशिला बाहेरून लावतात, घराणेशाहीत लावायची गरजच पडत नाही.

आयोवा_सिटीकर:
कर्क फेरेन्ट्झ १९९९ च्या सीझनपासून हेड कोच आहेत, त्यांचा मुलगा ब्रायन २०१७ ला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला. विद्यापीठात नातेवाईकांबद्दलचा नियम आहे म्हणून कागदोपत्री ब्रायन बापाच्या हाताखाली नव्हताच, तो अॅथलेटिक डायरेक्टरला रिपोर्ट करायचा. आता रोज एकाच मैदानावर उभे असणारे बापलेक आणि साहेब तिसऱ्या ऑफिसात, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

शब्दखोर:
सोय.

मक्यातला_मराठी:
मंडळी, क्रियापद राहिलं. 'ढेपाळणे' कसं वाटतं? "आयोवाची चढाई ढेपाळली."

निमूट:
ढेपाळायला आधी उभी असावी लागते.

आयोवा_सिटीकर:
होती की उभी. ४ नोव्हेंबर २०१७, ओहायो स्टेटला ५५-२४ हाणलं आपण आपल्या किनिक स्टेडियममध्ये, ब्रायनचाच पहिला सीझन होता. पुढच्या वर्षी हॉकन्सन आणि फॅंट एकाच टीममध्ये, दोघंही टाइट एंड, म्हणजे समोरच्यांना थोपवणारे आणि पासही पकडणारे, आणि २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, दोघंही पहिल्या राउंडला गेले. तेव्हा कुणी ब्रायनचं नाव पण काढत नव्हतं. ढेपाळली हाच शब्द बरोबर आहे.

निमूट:
त्या ५५ मधले पहिले कुणी काढले ते पण लिहा की. मॅचच्या पहिल्याच प्लेला अमानी हुकरने त्यांचा पास मध्येच पकडला आणि तसाच पळत जाऊन टचडाऊन. डिफेन्सचा माणूस.

कोकणी_पकड:
पुन्हा पकड 😄

आयोवा_सिटीकर:
बरं, उरलेले ४८ कुणी काढले? ओहायो स्टेटविरुद्ध ४८ काही रस्त्यावर पडलेले नसतात.

शब्दखोर:
दोघांचं भांडण सुटायचं नाही पण शब्दांपुरतं बघू. ढेपाळणे म्हणजे जोर होता तो गेला, भिंत ढेपाळते, पावसात मांडव ढेपाळतो. तेव्हा २०१७ ते २०२३ असं सगळं लिहिणार असाल तर ढेपाळली चालेल. फक्त २०२३ चं लिहिणार असाल तर 'चाचपडत होती', म्हणजे दिसत नाहीये, हात पुढे करून काहीतरी शोधणं चाललंय. 'रखडली' म्हणजे पुढे जाणारी गोष्ट कशाने तरी अडली. 'खुरडत' म्हणजे पुढे जाते पण कशी ते बघवत नाही. 'रडतखडत जिंकले' हे निकालाला लावा, चढाईला नको.

मिनेसोटाची_ताई:
मला सगळ्यात 'खुरडत' पटलं. २१ ऑक्टोबर २०२३, आम्ही तुमच्याच मैदानावर १२-१० ने जिंकलो आणि दुसऱ्या हाफमध्ये तुम्ही सगळे मिळून १२ यार्ड केलेत. बारा! आमच्या हॉलमधून किचनपर्यंत जायला जास्त लागतील.

मक्यातला_मराठी:
ताई, आमच्या कूपर डीजीनचा तो पंट परत आणून केलेला टचडाऊन रद्द केला त्याबद्दल बोला की मग.

मिनेसोटाची_ताई:
हात हलवला त्याने, चेंडू येताना डावा हात हलवला तर 'पळणार नाही' अशी खूण केली असं धरतात आणि मग पळता येत नाही, नियम आहे. आणि मुद्दा तो नाहीच रे, तो टचडाऊन दिला असता तरी चढाईचा नव्हता. तुझ्या लेखाला उलट पुरावाच आहे.

आयोवा_सिटीकर:
बारा यार्डांचं काय घेऊन बसलात, सप्टेंबरमध्ये पेन स्टेटला ३१-० हरलो तेव्हा अख्ख्या मॅचचे ७६ होते. फर्स्ट डाऊन, म्हणजे दहा यार्ड जाऊन नवे डाऊन मिळणं, फक्त चार. त्या दिवशी चाचपडणं पण नव्हतं, दिवेच गेले होते.

वकीलबाबू_ठाणे:
खेळ मला कळत नाही, पण तुमच्या या धाग्यात खरा शब्दार्थाचा प्रश्न वेगळाच आहे असं दिसतंय. मध्यंतरी कुठेतरी वाचलं होतं की या कोचच्या करारात किती गुण काढायचे ते लिहिलं होतं, ते खरं का? त्यात व्याख्या काय होती?

मक्यातला_मराठी:
खरं आहे वकीलसाहेब. फेब्रुवारी २०२३ ला ब्रायनचा करार बदलला, पगार ५० हजाराने कापून साडेआठ लाख डॉलर केला आणि अट घातली की टीमने मॅचला सरासरी २५ गुण काढले पाहिजेत आणि निदान सात मॅच जिंकल्या पाहिजेत. तेरा मॅच धरल्या तर ३२५ गुण, मग लोकांनी त्याचीच मोजणी सुरू केली, प्रत्येक मॅचनंतर आता किती बाकी. आणि यात मेख अशी की गुण कुणीही काढले तरी चालणार होते. डिफेन्सने पास पकडून पळवला, पंट परत आणला, सेफ्टी मिळाली, सगळं ऑफेन्सच्या कोचच्या खात्यात.

वकीलबाबू_ठाणे:
म्हणजे करारात 'ऑफेन्स' हा शब्द व्याख्येतच नव्हता, 'टीम' होता. ज्याने मसुदा केला त्याने एकतर घाई केली किंवा फार विचार केला. आमच्याकडे असं कलम आलं तर मी पक्षकाराला सांगेन, गप सही कर.

निमूट:
आणि एवढं करूनही जमलं नाही. १४ मॅचमध्ये सरासरी १५.४. दुसऱ्यांचे गुण पदरात टाकून घेऊनसुद्धा!

आयोवा_सिटीकर:
पण दहा मॅच जिंकले हे विसरू नका, विभाग जिंकला, आणि ३० ऑक्टोबरला सीझन चालू असतानाच जाहीर केलं की ब्रायन पुढच्या वर्षी नाही, तेव्हा टीम ६-२ होती, सहा जिंकून दोन हरलेली. ६-२ असताना कोऑर्डिनेटरची गच्छंती जाहीर झालेली मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि जाहीर केल्यावर पुढच्या चारही मॅच जिंकले.

निमूट:
आणि त्याच्या पुढच्या दोन? मिशिगन २६-०, टेनेसी ३५-०. दोन मॅचमध्ये मिळून भोपळा. डिफेन्सचा कोच फिल पार्कर, त्याच्या डिफेन्सला त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचचं ब्रॉइल्स अवॉर्ड मिळालं, त्या माणसाने किती वर्षं एकट्याने गाडा ओढायचा.

शब्दखोर:
एक दुरुस्ती, अवॉर्ड पार्करना मिळालं, डिफेन्सला नाही. पुढे चला. पंट राहिलाय. मी 'टोलवणे' सुचवतो. चेंडू टोलवतात हे आहेच, आणि सरकारी कचेरीत फाईल टोलवतात ना, या टेबलावरून त्या टेबलावर, आपल्याच्याने होत नाही, घे तू बघ. पंटमध्ये नेमकं तेच आहे.

मक्यातला_मराठी:
वा! हे घेतलं. पण शब्दखोर, आमच्याकडे टोलवणं ही नामुष्की नाहीये हो. टोरी टेलर, मेलबर्नचा पोरगा, ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळून आलेला. तो मैदानात यायला लागला की लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. म्हणजे ऑफेन्सला जमलं नाही म्हणून तो येतोय आणि लोक खूश. त्याने २०२३ ला पंटचे ४,४७९ यार्ड केले, कॉलेज फुटबॉलचा एका सीझनचा रेकॉर्ड, आधीचा १९३८ चा होता. आणि ऑफेन्सचे वर्षभराचे सगळे यार्ड सव्वातीन हजारांच्या आसपास. एकटा माणूस लाथेने अकरा जणांपेक्षा लांब गेला. नंतर शिकागो बेअर्स या व्यावसायिक टीमने चौथ्या राउंडला घेतला, पंटरला ड्राफ्टमध्ये इतक्या वर सहसा कुणी घेत नाही.

कोकणी_पकड:
तिथल्या टीशर्टवर काहीतरी लिहिलेलं असायचं ना, भाचा घालून आला होता.

मक्यातला_मराठी:
पंटिंग इज विनिंग. याचं मराठी करून द्या कुणीतरी.

शब्दखोर:
टोलवेल तो जिंकेल.

मिनेसोटाची_ताई:
हा टीशर्ट मी पण घेईन, माझ्या साहेबांना द्यायला.

निमूट:
सगळे हसताय पण याचा अर्थ बघा. कर्क फेरेन्ट्झना हा खेळ असाच खेळायचा होता. चेंडू गमवायचा नाही, लांब टोलवायचा, समोरच्याला त्याच्या कोपऱ्यात कोंडायचं आणि तो चुकेपर्यंत थांबायचं. त्यांच्यासाठी ऑफेन्स म्हणजे पंटच्या आधी केलेलं काहीतरी. म्हणून म्हणतो ढेपाळली, रखडली वगैरे सगळं सोडा, ती मुळात चढाई म्हणून ठेवलेलीच नव्हती.

आयोवा_सिटीकर:
आणि त्याच कर्क फेरेन्ट्झनी ब्रायनच्या जागी टिम लेस्टरला आणलं आणि २०२४ ला कॅलेब जॉन्सन १,५३७ यार्ड पळाला, धावून २१ टचडाऊन. तीच टीम, तेच हेड कोच. तेव्हा ठेवलेलीच नव्हती हे काही खरं नाही. चालवणारा बदलला, चालायला लागली.

निमूट:
म्हणजे मी वर जे म्हटलं तेच. कोऑर्डिनेटर बदला.

आयोवा_सिटीकर:
तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी म्हणालात, त्यातली सोयीची धरू नका.

शब्दखोर:
अॅडमिन यायच्या आत मूळ प्रश्नाकडे या. शिवाय मी अजून 'डाऊन'ला शब्द दिला नाही. 'डाव' म्हणू नका, उच्चार जवळचा असला तरी क्रिकेटवाले गोंधळतील. 'खेप' बघा, चार खेपांत दहा यार्ड.

मक्यातला_मराठी:
खेप मस्त आहे. तर पहिलं वाक्य आता असं करतो: "चार खेपांत दहा यार्ड जायचं असतं, आयोवाची चढाई तीन खेपा चाचपडायची आणि चौथ्या खेपेला टोरी टेलर चेंडू टोलवायला यायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे." सेफ्टीला मात्र सेफ्टीच ठेवतो, दोन गुण गेले त्याला 'सुरक्षा' म्हटलं तर आईबाबा मला वेड्यात काढतील. आणि शेवटी एक ओळ टाकतोय की त्या ७-३ च्या मॅचमध्ये साउथ डकोटा स्टेटचा जो क्वार्टरबॅक होता, मार्क ग्रोनोव्स्की, तोच २०२५ ला आमच्याकडे आला खेळायला.

कोकणी_पकड:
ज्याची पकड केली त्यालाच चढाईला घेतला म्हणा की.

मिनेसोटाची_ताई:
वाक्य छान झालंय. "टाळ्या वाजवायचे" च्या आधीचा 'आणि' काढ, दोन झालेत. आणि १२-१० चा स्कोअर लेखात अक्षरी लिही, आकड्यात लोक पटकन ओलांडून जातात.