'जनुकविषाक्तता' म्हणजे नक्की कुणाला विष?

मांडवीकाठ:
एका संमतीपत्राचं मराठी करतेय. रक्त देणाऱ्याने वाचून सही करायची. त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे लिंफोसाइट, बाहेर वाढवणार, त्यांवर एक प्रतिजैविक सोडणार आणि गुणसूत्रं मोडतात का ते बघणार. मूळ शब्द जिनोटॉक्सिसिटी. मी 'जनुकविषाक्तता' लिहून मोकळी झाले. शेजारच्या काकींना वाचायला दिलं तर म्हणाल्या, "माझ्या रक्तात विखारी जनुक सापडले तर मला कळवणार ना गे?" सुचवा काहीतरी. फॉर्म सोमवारी द्यायचाय.

मास्तर_सत्तरी:
काकींचं काही चुकलं नाही. विष अधिक अक्त. अक्त म्हणजे माखलेलं. विषाक्त बाण म्हणजे विष लावलेला बाण. तेव्हा तुमच्या शब्दात विष जनुकालाच माखलेलं आहे, औषध बाजूलाच राहिलं. आणि हा शब्द हिंदी वर्तमानपत्रांतून आपल्याकडे घुसलाय. 'विषारी' काय वाईट होता?

पणजीवाली:
मास्तर, आधी संस्कृत फोड करून दाखवायची आणि मग हिंदी म्हणून हाकलायचं, हे कसं? 'विषबाधा' घ्या. अन्नविषबाधा सगळ्यांना कळते.

मास्तर_सत्तरी:
अन्नविषबाधेत अन्नामुळे माणसाला बाधा होते. त्या हिशेबाने जनुकविषबाधा म्हणजे जनुकामुळे माणसाला. परत तेच. शिवाय नुसतं 'बाधा' म्हटलं तर आमच्या गावात आधी देवळात गाऱ्हाणं घालायला निघतील.

वेर्णा_लॅब:
आम्ही दिवसभर 'जिनोटॉक्स' म्हणतो. "जिनोटॉक्स क्लिअर आहे का?" झालं काम. पण मला खटकतो तो पुढचा भाग, 'जनुक'. मायक्रोन्यूक्लियस चाचणीत जनुक कुठे दिसतात? पेशींना आधी विभाजनाला लावायचं, मग सायटोकॅलॅसिन-बी घालायचं. केंद्रकाचे दोन होतात, पण पेशी दुभंगत नाही. अशा दोन केंद्रकांच्या पेशी शोधून त्यांच्या शेजारी छोटा तिसरा ठिपका आहे का ते मोजायचं. तो ठिपका म्हणजे विभाजनात मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा, कधी अख्खं गुणसूत्रच. अख्खं मागे राहिलं तर जनुक धड असू शकतात, नुसती वाटणी चुकलेली असते. तरी ते जिनोटॉक्सिकच. दिवसभर भिंगाखाली बघून डोळे भरून येतात, ते वेगळं.

पणजीवाली:
मग 'गुणसूत्रघातक' करा. पण एवढा खटाटोप माणसाच्या पेशींवर कशाला? ती जिवाणूंवरची एम्स चाचणी स्वस्तात होते ना?

वेर्णा_लॅब:
प्रतिजैविकाला ती नीट लावताच येत नाही. (आणि एम्स म्हणजे दिल्लीचं हॉस्पिटल नव्हे, ही चाचणी काढणारे ब्रूस एम्स.) त्यात हिस्टिडीन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घेतात. औषधाने उत्परिवर्तन होऊन ती ताकद परत आली तर त्यांच्या वसाहती उगवतात, मग त्या मोजायच्या. पण औषधच जिवाणू मारणारं असेल तर उगवणार काय? ताटली कोरी, आणि कोरी ताटली बघून औषध निर्दोष वाटतं. म्हणून सस्तन प्राण्यांच्या, माणसाच्या पेशींवरच्या चाचण्यांना इथे जास्त वजन.

अजून एक. पेशींचं नुकसान झालं तर आपली चाचणी ते पकडते, याची खात्री करायला एका ताटलीत मुद्दाम मायटोमायसिन-सी घालतात. ते गुणसूत्रं मोडतं हे पक्कं माहीत असतं. आणि मायटोमायसिन काय, तर स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूपासून मिळालेलं प्रतिजैविकच. कॅन्सरवर वापरतात.

मास्तर_सत्तरी:
हे बघा, म्हणजे 'प्रतिजैविक' या शब्दातच गोची आहे! प्रति-जैविक, जिवाच्या विरुद्ध. कुणाचा जीव ते शब्द सांगतच नाही. 'जिवाणुनाशक' म्हटलं असतं तर काकींना भीतीच वाटली नसती.

वेर्णा_लॅब:
डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक बहुतेक वेळा जिवाणूंना मारत नाही, वाढ थांबवतं. त्याला नाशक कसं म्हणणार? आणि फिनाइलही जिवाणुनाशक आहे, मास्तर. ते प्यायचं का?

कुळागर:
आमच्याकडे साधं 'वीख' म्हणतात. 'विखारी' मराठीतही आहे. जनुकविखार. दोन मात्रा वाचतात.

पणजीवाली:
विखारी टीका असते, विखारी नजर असते. औषध विखारी म्हटलं तर कंपनीवर लेख लिहिल्यासारखं वाटतं.

मांडवीकाठ:
अहो, मी तूर्त शब्द काढून वाक्य केलंय: 'हे औषध पेशीतील गुणसूत्रांना इजा करते का, हे तुमच्या रक्तातील पेशींवर शरीराबाहेर तपासले जाईल.' चालेल?

मास्तर_सत्तरी:
वाक्य ठीक. पण संज्ञा हवीच. उद्या शीर्षकात काय लिहाल? अख्खं वाक्य? संज्ञा टाळत राहिलं तर मराठीत विज्ञान कधी लिहिणार? माझं मत: जनुकहानिकारकता.

कुळागर:
हे म्हणेपर्यंत दोन पेशी विभागून होतील.

मांडवीकाठ:
बरं, त्याच फॉर्ममध्ये पुढे 'कॉमेट' चाचणी आहे. पेशी जेलमध्ये ठेवून वीज सोडली की तुटलेला डीएनए बाहेर ओढला जातो, शेपटी दिसते. 'धूमकेतू चाचणी' लिहू?

मास्तर_सत्तरी:
धूमकेतू अपशकुनी. पण 'शेंडेनक्षत्र' हा आपला शब्द असताना तो का नको? शेंडी म्हणजे शेपटीच ती.

पणजीवाली:
शेंडी डोक्याला असते, मास्तर.

मास्तर_सत्तरी:
आणि धूमकेतूची शेपटी सूर्याजवळून दूर जाताना पुढे असते. तेव्हा शेंडीच बरोबर.

वेर्णा_लॅब:
जेलमध्ये सूर्य नसतो. शेपटी धन टोकाकडे जाते.