मदत हवी आहे: सिंथ बेस बाऊन्स करून मिक्सला देताना फेजचं काय करता?

मंडळी नमस्कार, एका गोंधळाच्या गाण्याचं अरेंजमेंट रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण झालंय. संबळ आणि तुणतुणं लाइव्ह रेकॉर्ड केलंय, बाकी किक, बेस, पॅड सगळं सॉफ्टवेअर सिंथ, व्हायटल आणि सीरम. मिक्स एक मित्र करणारे, सदाशिव पेठेत बसतो तो, त्याच्याकडे लॉजिक हे दुसरं सॉफ्टवेअर आहे आणि यातला एकही सिंथ नाही, त्यामुळे मिडी (नुसत्या नोटांच्या सूचना, आवाज नाही) देऊन उपयोग नाही, सगळं बाऊन्स करून, म्हणजे तयार आवाजाच्या फायली काढून, ऑडिओतच द्यायचंय.

बाकीचं ठरलंय. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झचा म्हणून फायलीही ४८ च्याच, २४ बिट वेव्ह, सगळ्या पहिल्या बारपासून म्हणजे त्याच्याकडे टाकल्या की आपोआप जागेवर बसतील, मास्टरवरचा लिमिटर बंद, पीक मायनस ६ डीबीच्या आत, नॉर्मलाइझ (प्रत्येक फाईल कमाल पातळीपर्यंत वाढवणं) अजिबात नाही कारण मग ट्रॅकांचा आपसातला बॅलन्सच जातो. पॅड कोरडा वेगळा आणि रिव्हर्ब (घुमारा) वेगळा, त्याची टेल पूर्ण विरेपर्यंत.

घोडं अडलंय बेसवर. व्हायटलमध्ये ऑसिलेटरचा (मूळ ध्वनिलहर तयार करणारा भाग) फेज रँडम आहे, म्हणजे प्रत्येक नोट वेव्हच्या वेगळ्याच जागेवरून सुरू होते, त्यामुळे तोच मिडी तीच सेटिंग्ज असूनही दर बाऊन्सला बेस थोडा वेगळा येतो. एका फाईलमध्ये समेवर बेस आणि संबळाचं मोठं भांडं एकत्र येऊन असं काही भरीव वाजतं की बास, आणि पुढच्या बाऊन्सला तीच सम पोकळ, खालचा भाग एकमेकांत कापला गेल्यासारखा. रँडम शून्यावर आणला तर सगळ्या नोटांची सुरुवात एकसारखी होते, समेला ते चांगलंच आहे, पण दुगुणीत बेस शिवणयंत्रासारखा टकटक वाजतो आणि संबळाची सगळी लवचिकता त्याच्यापुढे मारली जाते, ते मला नकोय.

माझा कल असा की रँडम तसाच ठेवायचा, बरेच बाऊन्स काढायचे आणि गायकाचे टेक जोडतो तसे चांगले चांगले तुकडे निवडून एकच बेस ट्रॅक बनवायचा. कुणी असं करतं का? की फक्त समेच्या नोटा वेगळ्या ट्रॅकवर घेऊन तेवढ्यांचाच फेज लॉक करावा?

अजून एक, बेसवर किकचा साईडचेन आहे, म्हणजे किक वाजली की बेस क्षणभर दबतो. दबलेला बेस द्यावा की मोकळा? माझ्या मते दोन्ही द्यावेत, कारण तो दबण्याचा झोल हा तालाचाच भाग आहे, पण मिक्स करणाऱ्याला नक्की काय सोयीचं पडतं?

लाइव्ह तालवाद्याबरोबर सिंथ बेस मिक्स केलेल्यांनी जरूर लिहा. रविवारी फायली द्यायच्यात, समेचे दोन्ही नमुने ऐकायचे असतील तर पाठवतो.