मदत हवी आहे: स्टेपल्ड पेप्टाइडने ल्यूकेमियाच्या पेशी मरतात, पण त्या नॉच रोखल्यामुळेच मरतात का?

नमस्कार. टी-पेशींच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमियात नॉच१ हा संदेशमार्ग पेप्टाइडने (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीने) रोखण्यावर माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच१ अकारण चालू ठेवणारी उत्परिवर्तने आढळतात, हे २००४ मध्ये समोर आले. नॉच१ कापून कार्यरत करणारे गॅमा-सिक्रिटेज हे विकर रोखणारी औषधे (इन्हिबिटर) हा मार्ग बंद करतात खरी, पण आतड्याच्या अस्तरालाही नॉच लागत असल्याने रुग्ण जुलाबाने हैराण होतात. म्हणून मी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएएचएम१ या पेप्टाइडकडे वळलो. मास्टरमाइंड-लाइक-१ या प्रथिनाच्या एका तुकड्यावरून बेतलेले हे पेप्टाइड हायड्रोकार्बनच्या टाक्याने हेलिक्सच्या (मळसूत्री) आकारात जखडलेले, म्हणजेच स्टेपल्ड, असते आणि केंद्रकात नॉच व सीएसएल (डीएनएला चिकटणारे प्रथिन) यांच्या जोडीवरची मास्टरमाइंडची जागा अडवते.

त्याच धर्तीवर बनवून घेतलेले पेप्टाइड मी एचपीबी-एएलएल या ल्यूकेमियाच्या पेशींना २० मायक्रोमोलर मात्रेत दिले, तेव्हा चोवीस तासांतच एमटीटी चाचणीत जिवंत पेशींमुळे येणारा जांभळा रंग जवळजवळ नाहीसा झाला. पहिल्या दिवशी फार आनंद झाला, पण शेजारच्याच वेल्समध्ये गॅमा-सिक्रिटेज इन्हिबिटर असूनही तेथे काहीच फरक नव्हता. नॉच बंद पडल्यावर या पेशी आधी पेशीचक्राच्या जी१ अवस्थेत थांबतात आणि संख्येतली घट दिसायला काही दिवस जावे लागतात, मग माझ्या पेशी एका रात्रीत कशा मेल्या? त्यातच जुरकॅट या दुसऱ्या टी-ल्यूकेमिया पेशीही तितक्याच मरत आहेत. त्यांच्यात पीटेन हे पेशींच्या वाढीला आळा घालणारे प्रथिन नाही आणि त्या गॅमा-सिक्रिटेज इन्हिबिटरला दाद देत नाहीत. हे सगळे बिनसीरमच्या (रक्तद्रव न घातलेल्या) माध्यमातले आहे. १० टक्के सीरम घातले की परिणाम जवळपास पुसला जातो. एफआयटीसी हा चमकणारा रंग लावलेले पेप्टाइड सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात पसरलेले न दिसता ठिपक्याठिपक्यांनी दिसते, म्हणजे बहुधा ते एंडोसोममध्येच (पेशीने आत ओढून घेतलेल्या पिशव्यांत) अडकून पडले आहे.

माझा कंट्रोलही (तुलनेसाठीचे, नॉचला न अडवणारे पेप्टाइड) सदोष आहे, हे मान्य करतो. त्यात अमिनो आम्ले बदलताना दोन आर्जिनिन गेले, त्यामुळे त्याचा धनभार मूळ पेप्टाइडपेक्षा कमी झाला. कंट्रोलने पेशी मरत नाहीत, पण पेशीपटलाला भोके पाडण्याची त्याची क्षमताच कमी असेल, तर त्यावरून काय सिद्ध होणार?

दोन-चार तासांनी एलडीएच (पेशी फुटल्यावर बाहेर गळणारे विकर) मोजून पेशी फुटत नाहीत अशी मात्रा आधी ठरवावी आणि त्या मात्रेत एचईएस१, डीटीएक्स१ व मिक या नॉचने चालवल्या जाणाऱ्या जनुकांचे आरएनए पाहावे, असा विचार आहे. पेप्टाइड केंद्रकातच काम करत असेल, तर या जनुकांचे आरएनए कमी होईल, पण व्हॅलिन १७४४ पाशी कापलेले नॉच१ वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन-चाचणीत तसेच राहायला हवे; गॅमा-सिक्रिटेज इन्हिबिटरने मात्र ते नाहीसे होईल. एवढा पुरावा परीक्षकांना पुरेल का, की समान धनभाराचा नवा कंट्रोल आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही? आणि पेप्टाइड काही तास बिनसीरम माध्यमात देऊन नंतर सीरम घालण्याची पद्धत कोणी वापरली असल्यास किती तास ठेवले, हेही कृपया सांगावे.