मॉरिस मायनरला ओम्नीचे शॉक ॲब्सॉर्बर : सोय की खोड?

जुना पाना : माझ्या १९५४ सालच्या मॉरिस मायनरचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर जुन्या, दांड्याच्या पद्धतीचे आहेत; म्हणजे तेलाने भरलेली धातूची पेटी, आत पिस्टन, आणि बाहेर आलेला दांडा एका दुव्याने ॲक्सलला (मागच्या चाकांच्या आसाला) जोडलेला. दांड्याच्या मुळाशी तेल गळते आणि गतिरोधक ओलांडल्यावर गाडी चार-पाच वेळा झुलत राहते. माझे स्पष्ट मत आहे की पेट्या काढून मारुती ओम्नीचे मागचे नळीचे शॉक बसवावेत. दोन्ही गाड्यांना मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि अखंड ॲक्सल आहे, रिकामे वजन पावणेआठशे किलोच्या आसपास आहे, आणि ओम्नीचा माल तालुक्याच्या गावीही मिळतो.

पाटेवाला : वजन जुळले म्हणजे शॉक जुळला, हे मला मान्य नाही. ओम्नीचे मागचे शॉक माणसे आणि सामान भरलेल्या गाडीचा विचार करून ठरवलेले असतात, त्यामुळे हलक्या पाठीच्या मायनरमध्ये ते कडक लागण्याचीच शक्यता अधिक. त्याहून महत्त्वाची आहे ती पूर्ण दबलेली लांबी. ॲक्सल बम्प रबराला, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकण्याआधीच शॉक तळाला गेला, तर सगळा धक्का शॉक धरणाऱ्या ब्रॅकेटवर येतो आणि तिथला पत्रा फाटतो; मायनरला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीचा पत्राच भार घेतो, हे आपण विसरू नये. शिवाय जागा नाही म्हणून शॉक ४५ अंशांत आडवा बसवला, तर त्याचा परिणाम निम्मा उरतो.

तेलकट हात : हे सगळे खरे असले तरी त्यातून ‘करूच नये’ असे निघत नाही, ‘मोजून करावे’ एवढेच निघते. मी माझ्या गाडीचा ॲक्सल जॅकने बम्प रबरापर्यंत उचलून शॉकच्या दोन टोकांच्या जागांमधले एक माप घेतले, चाके लोंबती ठेवून दुसरे घेतले, आणि ती दोन्ही मापे वहीत लिहूनच दुकानात गेलो. शॉक बसवून चार वर्षे झाली, ब्रॅकेटला तडा नाही. मात्र पुढच्या बाजूला हा उद्योग करू नये, कारण तिथे शॉकचा दांडा हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा आहे. तो काढला तर चाक धरायला काही उरतच नाही.

मूळप्रत : आपण ब्रॅकेट बोल्टने लावले की वेल्डिंगने, हे सांगितले नाहीत. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. आणि मुळात पेटी दुरुस्त होते : दांड्याचा शाफ्ट घासून सरळ करायचा, नवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची कडी) दाबून घालायचा, सील बसवायचे. चांगला लेथवाला हे करतो. आपल्याला धीर नसतो, इतकेच.

तेलकट हात : बोल्टनेच, आणि पेटीच्याच जुन्या भोकांत. उद्या पेट्या परत लावता येतील.

जुना पाना : दबलेली लांबी मी पाहिलीच नव्हती, हे कबूल करतो. रविवारी दोन्ही मापे घेतो. तोवर गळणारी एक पेटी लेथवाल्याकडे उघडायला दिली आहे. त्याने ती हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, ‘हा कुठला पंप?’